काचेकडे बघायचं नाही

माझी भाची नर्सिंगला आहे आणि मी तिथेच शिकवते. मी तोंडाने फटकळ, ती अगदीच भिडस्त. आमच्या सरावाच्या खोलीत पलंगावर रबराची पेशंट असते. तिला सगळ्या पोरी काकू म्हणतात. काकू श्वास घेते, तिची नाडी लागते, ती कण्हतेसुद्धा. कण्हते अर्थात मीच, काचेपलीकडच्या खोलीतून, माइकवर.

या पोरीची खोड एकच. काकूचं काही बिनसलं की ही काचेकडे बघायची. म्हणजे माझ्याकडे. बरोबर चाललंय का मावशी? त्यापायी दोनदा नापास झाली. या वेळची परीक्षा ही शेवटची संधी होती. बहिणीने तर दुकानात बसवायची तयारीही करून ठेवली होती. "अगं, पेशंटच्या घरी काच नसते," हे सांगून सांगून माझा घसा बसला.

मार्क द्यायला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई काचेपलीकडे माझ्या शेजारी बसल्या होत्या. माझ्याकडे फक्त बटणं आणि काकूचा आवाज.

काकूला दम लागलेला. भाचीने तिला उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला, सगळं नीट. मी बघायला पुढे वाकले आणि माझ्याच पायाने यंत्राची वायर निसटली. काकूची छाती थांबली. नाडी गेली, पलंगाशेजारचा नाडी दाखवणारा पडदा काळा झाला, माझा माइकही बंद.

झालं. इथे भल्याभल्या पोरी हात वर करतात, "मॅडम, काकू बिघडली." मी वायरीकडे झेपावले तर परीक्षक बाईंनी माझा हात धरला. "राहू द्या. बघू."

आता ही मान वळवणार आणि पोरीचं शिक्षण माझ्या पायापायी बुडणार.

भाचीने मान वळवली, पण पडद्याकडे. काळा पडदा बघितला आणि तो सोडून दिला. काकूच्या गळ्याला बोटं लावली, कान तोंडाशी नेला. मग उशी ओढून काढली, तिला सपाट निजवलं आणि मदतीला दिलेल्या मैत्रिणीला म्हणाली, "डॉक्टरांना हाक मार. मग श्वास द्यायचा फुगा घे, मी सांगेन तेव्हा दाब." माझी भिडस्त भाची हे असं खणखणीत बोलली. छाती दाबायला लागली ती मोठ्याने मोजत, कोपर ताठ, केस तोंडावर. काचेकडे एकदाही नाही.

परीक्षक बाईंनी माझा हात सोडला. मी वायर खोचली. काकूने श्वास घेतला.

आता मला कण्हायचं होतं, पण हुंदकाच आला. "बरं वाटतंय गं बाई," मी कसंबसं म्हणाले. आत भाचीने काकूच्या कपाळावर हात ठेवला. "बोलू नका काकू. मी इथेच आहे."

पास झाल्यावर मी तिला वायरीचं सांगितलं.

"मला काय माहीत मावशी," ती म्हणाली, "तिचा श्वास थांबला होता."