दोन मुसळांमधली जागा

मुलांनो, डोळे मिटा आणि माझ्याबरोबर तुंगार्लीच्या तळ्यावरच्या वाडीत चला. ते बघा, अंगणात दगडाचं उखळ. उखळ एक, पण मुसळं दोन. एक उज्ज्वलाच्या हातात, दुसरं तिच्या दहा वर्षांच्या लेकीच्या, करिष्माच्या हातात. आईचं मुसळ खाली आलं की करिष्माचं वर. दोन्ही एकदम खाली आली तर? खाडकन एकमेकांवर आपटतील आणि भात अंगणभर उडेल. म्हणून करिष्मा एक गोष्ट पक्की शिकली होती. आईच्या दोन घावांमध्ये जी जागा राहते, तिथंच आपला घाव घालायचा.

आता तिच्या शाळेत चला. सव्वीस जानेवारीची लेझीम बसवणं चाललं होतं. चाळीस लेझमी एकदम वाजायच्या, छन्न! आणि मागाहून एकच बारीकशी, करिष्माची, छन्.

"आली बघा उशिराची गाडी!" शेजारचा शादाब म्हणायचा.

"मी मुद्दाम न्हाई करत. हात आपला आपण तितं जातो."

लेझीम बसवणाऱ्या राजेश्वरीबाई रागावल्या नाहीत. पण शनिवारी त्या म्हणाल्या, "सोमवारपर्यंत बघू. नाहीच जमलं, तर तू झेंड्यापाशी उभी राहा, बाळा."

झेंड्यापाशी उभं राहण्यात वाईट काहीच नाही. पण करिष्माला लेझीमच खेळायची होती. रात्री ती नीट जेवलीसुद्धा नाही.

रविवारी दुपारी शाळेच्या मैदानावर पाहुणे आले. लांबच्या क्युबा बेटावरचे वादक, आणि पियानोवर आपल्या देहूरोडचा किरण. त्यानंच सगळ्यांना आणलं होतं. आधी व्हायोलिन एकटंच, अगदी सावकाश वाजलं. मग सॅक्सोफोननं तोच सूर उचलला आणि मनाला येईल तसा वळवला, जणू व्हायोलिनची थट्टाच करत होता. मग उंच ढोलांवर तळहात पडू लागले, आणि यानेलिस नावाच्या बाईंनी दोन आखूड, गोल दांडकी एकमेकांवर मारली. टक्... टक्... टक्. टक् टक्.

"टाळ्या वाजवा!" किरण ओरडला.

सगळ्यांच्या टाळ्या ढोलाबरोबर पडल्या. करिष्माची मधेच.

शादाबनं कोपर मारलं. "अगं, इथंपण?"

करिष्मानं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून टाकले.

तेवढ्यात यानेलिस थांबल्या. इकडंतिकडं बघत किरणला काहीतरी म्हणाल्या. किरण हसला. "त्या विचारतायत, मधल्या जागेत टाळी कोण वाजवत होतं?"

"ही! ही नेहमी असंच करते!" शादाबनं करिष्माचा हात वर केला. बिचाऱ्याला वाटलं, तक्रार चाललीय!

यानेलिस मंचावरून खाली आल्या. एक दांडकं करिष्माच्या ओंजळीसारख्या धरलेल्या डाव्या हातावर ठेवलं, दुसरं उजव्या हातात दिलं. ढोल सुरू झाला. करिष्मानं डोळे मिटले. तिला आईचं मुसळ खाली येताना दिसलं, आणि तिनं मधली जागा धरली. टक्! यानेलिसनी जागच्या जागी गिरकीच घेतली. मागून सॅक्सोफोन आला, व्हायोलिन आलं, आणि पाठीमागे बसलेल्या बायकांचे खांदे हलू लागले.

"कुणी शिकवलं गं?" किरणनं विचारलं.

"आईनं. भात कांडताना."

मागच्या रांगेत उज्ज्वला तोंडाला पदर लावून हसत होती.

मैफल संपल्यावर राजेश्वरीबाई करिष्माजवळ बसल्या. "म्हणजे तू चुकत नव्हतीस."

"पर लेझमीत चुकतेच की, बाई."

बाईंनी विचार केला. "असं केलं तर? अर्धी रांग ढोलाबरोबर, अर्धी तुझ्याबरोबर, मधल्या जागेत. उद्या शिकवशील सगळ्यांना?"

सोमवारी मायलेकी दोन मुसळं खांद्यावर घेऊन शाळेत आल्या. उखळ काही आणता येईना, म्हणून करिष्मानं लांब उडीच्या वाळूत पायानं गोल खड्डा केला आणि एक मुसळ शादाबपुढं धरलं.

"पयलं तू मार. मी मधी येते."

"आणि आपटली तर?"

"आपटू दे. मंगच कळतं."

शादाबनं मुसळ उचललं. करिष्मानं आपलं मुसळ डोक्यावर नेलं आणि त्याचा घाव पडायची वाट बघितली.