कारध्याची हवा आणि नऊ दिवसांचं थंड पाणी

"आज तीनशे दहा आहे आई, आम्ही नाही येत," असं मनिष नागपुराहून फोनवर म्हणाला, तेव्हा मंदाबाईला वाटलं, सुनेची शुगर वाढली. मग उलगडा झाला की शुगर नव्हे, ही कारध्याची हवा. शंभराच्या वर गेली की खराब, तीनशेच्या वर गेली की विचारूच नका. चार महिन्यांचं लेकरू असल्या हवेत कोण आणतो? रोज सकाळी सातला हा पठ्ठ्या मोबाइलमध्ये आकडा बघायचा आणि नकार कळवायचा. नातीला मंदाबाईनं पाहिलं होतं ते एकदाच, बारशाला, सुनेच्या माहेरी. तिथं विहीणबाईनं पोरगी मांडीवरून खाली ठेवली असेल तर शपथ! मंदाबाई नुसती बघून परत आली. तेव्हापासून तिला एकच ध्यास, की पोरगी घरी यावी आणि आपल्या मांडीवर निजावी.

आकडा यायचा हवा मोजणाऱ्या एका डबीतून. कॉलेजची काही पोरं मागल्या महिन्यात येऊन ती ठोकून गेली होती. विजेचा बोर्ड सोयीचा म्हणून त्यांनी मंदाबाईच्याच न्हाणीची भिंत निवडली होती.

मंदाबाई कंबर कसून उठली. नदीकाठची सगळी गल्ली तिनं धारेवर धरली. केवळराम कचरा पेटवायला गेला, तर त्याच्या हातात काडेपेटी असतानाच कचऱ्यावर बादली रिकामी झाली. शेकोट्या बंद, आंघोळीच्या पाण्याच्या चुली बंद. ऐन थंडीत माणसं थंड पाणी अंगावर घेऊन मंदाबाईचा उद्धार करू लागली. शेजारची पंचफुलाबाई, अंगणवाडीतून निवृत्त झालेली, हिशेबाची बाई. ती म्हणाली, ही वैनगंगेवरची धुवारी आहे, धुकं, धूर नव्हे. नदीलाही दम देणार आहेस काय? पण लेकराचं नाव निघालं तशी तिनंच सगळ्यांआधी आपल्या चुलीत पाणी ओतलं.

आता मंदाबाईची स्वतःची चूल? ती चालू होती की! नवऱ्याला, टेकचंदला, वाताचा त्रास, त्याला कढत पाण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. शिवाय वाळलेल्या तुराट्यांचा जाळ, त्याला कुठे धूर असतो, असा निकाल तिनं स्वतःच देऊन टाकला होता.

सहा दिवस झाले तरी आकडा तीनशेच्या खाली येईना. त्या संध्याकाळी नवराबायको एका तेरवीसाठी एकोडीला गेली आणि तिथंच मुक्काम पडला. सकाळी मनिषचा फोन आला, की आज चक्क चौपन्न, रविवारी येतो. मंदाबाईला जग जिंकल्यासारखं झालं. तेरवीच्या घरी हसावं कसं, म्हणून तिनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, बाईला फारच दुःख झालं.

घरी परतून दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं पाण्याचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, चुलीवर चढवला. सातला फोन आला. तीनशे अठरा. रविवारचं रद्द.

मंदाबाईचं डोकं सणकलं. पंचफुलाबाईनंच डाव साधला असणार! ती तरातरा शेजारच्या अंगणात शिरली आणि तिनं सरळ चुलीत हात घातला. राख थंडगार. बाजूला पंचफुलाबाई ओल्या केसांनी, घोंगडी पांघरून खोकत बसली होती. मंदाबाई तशीच मागे फिरली. न्हाणीशी आली तर चुलीवर गंज उकळत होता, धूर भिंतीवरून वर चढत होता आणि वर ती डबी काजळीनं काळी ठिक्कर पडली होती.

तिनं चूल उचलून परसाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडाखाली नेली. दुसऱ्या दिवशी आकडा एकसष्ट. मनिष येतो म्हणाला. टेकचंदनं बजावलं, आता गप राहा. तिलाही तेच बरं वाटत होतं. पण बातमी ऐकून पंचफुलाबाई खोकत खोकत आली.

"पोरगी हाये तवरक मी थंड्याच पाण्यानं करीन वं आंघोळ," ती म्हणाली. "तू कायजी नोको करू."

आता काय करावं माणसानं? मंदाबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खाली बघत सगळं सांगून टाकलं.

पंचफुलाबाईनं घोंगडी अंगाभोवती आवळली. मंदाबाईला वाटलं, आता शिव्या पडणार.

"नऊ दिवस मी फुकट कुडकुडली," पंचफुलाबाई म्हणाली. "पोरगी आली का पहिले माह्या मांडीवर. मंग तुह्या."

त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. पण मंदाबाई हो म्हणाली.

रविवारी ऑटो दारात थांबला, तेव्हा पंचफुलाबाई ओसरीत मांडी घालून आधीच बसली होती. मनिष उतरला, मागून सून रीता दुपट्यात गुंडाळलेली पोरगी घेऊन उतरली आणि सासूपुढे आली. मंदाबाईचे हात आपसूक पुढे गेले. पोरगी तिच्याकडे बघत होती, आणि नाक अगदी टेकचंदचं होतं. मंदाबाईनं हात मागे घेतले.

"पहिले तिकडं दे," ती म्हणाली.

"काहून आई?" मनिष चक्रावला.

"तुह्या पोरीसाठी ते कुडकुडली," मंदाबाई म्हणाली. "मी नाई."