अंतर तुमचं

“ही खुर्ची ज्याने केली ना, त्याला दिवसभर बसवा म्हणावं हिच्यावर,” कॅप्टन काल्चेव हेडसेटमधून रुम्यानाच्या कानात कुरकुरला. पलीकडच्या खोलीतल्या खोट्या कॉकपिटमध्ये तो बसला होता आणि माइकचं बटण बंद करायचं राहून गेलं होतं.

“सोफियाभर ऐकू जातंय, काल्चेव,” रुम्याना म्हणाली. “पुढचं विमान दिसतंय का?”

“दिसतंय, बाई.”

“मग अंतर तुमचं.”

“अंतर माझं.”

नवी पद्धत ती एवढीच. दोन विमानांत पाच मैल राखायचं काम आजवर जमिनीवरून, हवाई नियंत्रक म्हणून तिचं होतं; आता वैमानिकाने ते आपल्या पडद्यावर बघून राखायचं, तिने नुसतं लक्ष ठेवायचं. आज सराव. तिने पसंतीची सही केली की महिन्याभरात हेच खऱ्या आकाशात, आत माणसं बसलेली असताना.

चार मिनिटांनी इशाऱ्याचं यंत्र ओरडलं. तिने पडद्याकडे मान वळवली तेव्हा दोन्ही ठिपके लाल झाले होते; पाचातले जेमतेम दीड मैल उरले होते. आकाश खोटं होतं म्हणून कुणी मेलं नाही.

बैठकीत विभागप्रमुख डोब्रेवसाहेबांनी चीज भरलेल्या, पापुद्र्यांच्या बानित्साचं ताट पुढे सरकवलं. गरम होती, तरी कुणी तुकडा मोडला नाही.

“सरावात वारा जरा जास्तच धरला गेला,” तंत्रज्ञ म्हणाला.

“आणि तो लाल रंग. फिकाच आहे,” दुसरा म्हणाला.

काल्चेव ताटातून टेबलावर सांडलेले तीळ बोटाने गोळा करत राहिला.

“रुमी, इशारा तू वेळेत दिलास, असंच लिहितो,” साहेबांनी कागद तिच्याकडे फिरवला. “सव्वीस वर्षांत तुझ्या नावावर डाग नाही. आता कशाला?”

लक्ष ढळलं असं कबूल करणाऱ्याचा हेडसेट त्याच दिवशी काढून घेतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

“इशारा यंत्राने दिला. अंतर काल्चेवकडे गेलं आणि मी त्या दोन ठिपक्यांकडे बघायचीच थांबले,” ती म्हणाली. “खिडकीबाहेर बघत होते.”

“दमली असशील गं.”

“नाही,” ती म्हणाली. “अंतर माझं नव्हतं. बरं वाटत होतं.”