आतली शिलाई

मी कपडे उलटे घालते. म्हणजे शिलाईची बाजू बाहेर आणि सुबक बाजू अंगाला. कुणी विचारलंच तर सांगते, कापड माझ्या अंगाला लागतं, तुमच्या नाही. एवढ्यावर बहुतेक लोक गप्प बसतात.

हे खूळ चौथ्या-पाचव्या वर्षापासूनचं. फ्रॉकच्या आतली कड काखेत टोचायची, मानेला टोचायची, आणि मी रडून घर डोक्यावर घ्यायचे. एके सकाळी मीच फ्रॉक उलटा करून घातला आणि गप्प झाले. आई तेव्हा तयार कपड्यांच्या कारखान्यात मशीनवर होती, दिवसभर परक्यांचे शर्ट शिवायची. तिने मला बघून कपाळाला हात लावला. "अगं, सगळी भानगड आत राहावी म्हणून तर आम्ही कपडा उलटा धरून शिवतो," ती म्हणाली. "आणि तू तीच मिरवत फिरणार?"

शाळेत माझं नाव 'उलटी' पडलं. त्या शब्दावरून पोरांनी काय काय केलं असेल ते सांगायला नको. बाईंनी तीनदा वर्गाबाहेर उभं केलं आणि चौथ्यांदा आईला बोलावलं. मला वाटलं, आता घरी गेल्यावर माझं काही खरं नाही. पण बाईंनी माझ्या खांद्यावरची शिलाई चिमटीत धरून "ही असली लक्तरं" असं म्हटलं आणि आईचं डोकं फिरलं.

"लक्तरं नाहीत ती, बाई. दुहेरी शिलाई आहे. ओढून बघा."

बाईंनी ओढून पाहिली नाही. शाळेत गणवेश सुलटा आणि शाळेबाहेर माझी मर्जी, असं ठरलं.

त्यानंतर आई माझे कपडे वेगळेच शिवायला लागली. लोकांना दिसणारच आहे तर नीट तरी दिसू दे, असं पुटपुटत. पांढऱ्या कापडाला जांभळा दोरा, करड्याला हिरवा. आतल्या कडा दुमडून, त्यांवर बारीक टीप मारून. खिशांच्या पिशव्या बाहेर लोंबायच्या, त्यांनाही ती रंगीत काठ लावायची. मी मोठी होत गेले तशी आम्हा दोघींची हौस वाढत गेली. रस्त्यावर लोक वळून बघायचे, हसायचे. मावशी तर म्हणायची, पोरीला कुणी पसंत करणार नाही. नाहीच केलं, आणि मी त्याचं फार वाईट वाटून घेतलं असंही नाही. पण नोकरी मिळेना याचं मात्र वाटायचं. चार ठिकाणी मुलाखतीला गेले, चारही ठिकाणी त्यांनी कागद बघण्याआधी माझे खांदे बघितले.

शेवटी आईने मला तिच्याच कारखान्यात तपासणीच्या टेबलावर चिकटवलं. "तिथे सगळेच कपडे उलटे असतात," ती म्हणाली, "तू उठून दिसणार नाहीस."

खरंच होतं ते. शिवून आलेला प्रत्येक शर्ट आम्ही उलटा करून बघायचो. टीप सुटलीय का, कड निसटलीय का. चूक दिसली की त्या जागी लाल चिठ्ठी लावून नग परत पाठवायचा. कुणी शिवला ते गठ्ठ्यावरच्या नंबरावरून कळायचं. आई बावीस नंबर. बारा वर्षांत बावीस नंबरला मी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच चिठ्ठ्या लावल्या असतील.

गेल्या वर्षी तिने मला नवा सदरा शिवला. करडा, हिरव्या दोऱ्याचा. आरशासमोर उभी राहिले तर उजव्या खांद्यावर हिरवी रेघ कडेवरून घसरलेली, दोन बोटं भरकटून परत आलेली. दमली असेल, असं मी म्हटलं. मग टेबलावर बावीस नंबरचे शर्ट तसेच यायला लागले. आधी आठवड्याला एखादा, मग रोज दोन-तीन. घरी आई दाराच्या चौकटीला खांदा आपटायची आणि चौकटीलाच शिव्या घालायची.

मला कळत होतं. हे तुमच्यापासून लपवण्यात आता अर्थ नाही. मी तिचे खराब नग बाजूला काढायचे, जेवणाच्या सुट्टीत उसवायचे आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या मशीनवर पुन्हा शिवायचे. सहा महिने कुणालाही, अगदी तिलाही, ताकास तूर लागू दिली नाही. कळलं तर तिला मशीनवरून उठवतील, आणि मशीनवाचून तिला दुसरं काही नव्हतं. हे कारण खरं आहे. पण मी घाबरले होते, हेही खरं आहे. मी बोलले असते तर ते घडतंय असं मला मानावं लागलं असतं.

तो करडा सदरा मात्र मी घालतच राहिले. घातला नसता तर आईने का म्हणून विचारलं असतं.

आमच्या सुपरवायझरला आम्ही टेप म्हणायचो, कारण माप घ्यायची टेप त्याच्या गळ्यातून घरी जातानासुद्धा उतरायची नाही. वर्षानुवर्षं माझी टिंगल करणारा माणूस. एका सकाळी तो माझ्या मागे येऊन थांबला.

"ही शिलाई आईची का?"

"मग कुणाची?" मी नेहमीच्या तोऱ्यात म्हणाले.

त्याने अंगठा माझ्या खांद्यावरून त्या हिरव्या रेघेवर फिरवला. जिथे रेघ भरकटली होती तिथे अंगठा थांबला. तो सरळ जाऊन बावीस नंबरचा ताजा गठ्ठा, माझ्या टेबलावर यायच्या आत, उचलून घेऊन आला आणि एकेक शर्ट उलटा करत गेला. अकरा शर्टांपैकी पाच. पाचही त्याने माझ्यासमोर ओळीने मांडले. माणूस वाईट नव्हता, आवाजसुद्धा चढवला नाही. दुपारी आईला मशीनवरून उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं, आणि डोळे तपासून आल्याशिवाय मशीनवर बसू नका, असं सांगितलं. ती उठताना सगळ्या मशीन चालू होत्या, तरी कुणी तिच्याकडे बघितलं नाही असं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि स्पष्ट बोलणाऱ्या. काचबिंदू. कडेची नजर गेलीय. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंबांनी टिकवता येईल. "सहा महिने आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं," त्या म्हणाल्या. आई मान डोलवत राहिली, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय अशी.

बसच्या थांब्यावर आम्ही बाकावर बसलो. मला राहवेना.

"आई, मला माहीत होतं. तुझे नग मी उसवून पुन्हा शिवत होते."

"ते मला कळत होतं," ती म्हणाली.

"कळत होतं?"

"माझी टीप मला ओळखू येत नाही होय? तपासलेले नग धुवायला जायचे, तेव्हा माझेच नग पुन्हा बघायचे मी. तुझी टीप जरा ताणलेली असते." तिने पदर सारखा केला. "शिवताना कड दिसेनाशी व्हायची. भीती वाटायची. पण म्हटलं, पोरगी तपासणीला बसते. तिची नजर चांगली. फार बिघडलं असतं तर ती बोलली असती. तू बोलली नाहीस, म्हणून मी गेले नाही डॉक्टरकडे."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला भांडता तरी आलं असतं. आयुष्यभर जे लोक आत लपवतात ते बाहेर घालून मी फुशारक्या मारल्या, आणि जे एक बोलायचं होतं ते गिळून बसले. रडू आलं, पण तिच्या शेजारी बसून रडायचाही मला हक्क वाटेना.

रस्त्याच्या वळणावर बस दिसली. आई उठली, डोळे बारीक करून बघत राहिली, आणि मग माझा दंड धरून तिने विचारलं, "किती नंबरची आहे गं?"