मरियमचाचीचा सब्र

भाद्रपदातल्या ओलसर उन्हात आधी मरियमचाचीची हाक आमच्या कर्जतच्या आळीत शिरायची आणि मागोमाग तिच्या टोपलीतल्या काचेची किणकिण. आळीतल्या साऱ्या बायकांचे हात तिला पाठ होते. तळवा चेपून, अंगठा आत मुडपून ती अशी बांगडी चढवी की दुखल्याचे कळायच्या आत मनगट हिरवेगार होई. चढवताना एखादी तडकली, तर फुटली म्हणू द्यायची नाही. "वाढली म्हण गं," म्हणून डोळे वटारायची.

तिचा एकुलता एक इक्बाल बोटीवर कामाला होता. गेल्या पावसाळ्यात ती बोट बुडाली. काहींचे देह मिळाले, त्याचा मिळाला नाही. तेव्हापासून चाचीच्या ओट्यावर जो येई तो एकच उपदेश ठेवून जाई. मोहल्ल्यातले म्हणत सब्र कर, आम्ही म्हणत धीर धर. प्रवचनात ऐकलेली तितिक्षा, विहारात ऐकलेली क्षांती, सगळी सोसण्याचीच नावे मला आठवत, आणि तिच्या शेजारी बसून मीही 'धीर धर'च म्हणे. सब्र म्हणजे 'गेला असे मान', असे लोकांना म्हणायचे होते. चाची मात्र सब्र म्हणून वाट पाहत होती.

पोशीर नदीकडची भाते पिवळी झाली तरी ती हलली नाही. देह नसतानाही पढता येते ती जनाज्याची नमाज तिच्या होकारासाठी खोळंबली होती, आणि त्या नमाजीपायी तिची सून रुखसाना. ना सुवासिनी, ना विधवा. ऐन तारुण्यात पोर उंबऱ्याशी बसून सुकत चालली होती. मला तिच्याकडे बघवत नसे.

एका दुपारी मी तिथेच होते. रुखसाना इक्बालचा सदरा उन्हातून काढून, जणू संध्याकाळी लागणार आहे, अशी घडी घालत होती. चाची बराच वेळ बघत राहिली. मग तिने सुनेचा हात ओढून घेतला, तळवा चेपला आणि एकेक बांगडी अलगद उतरवली. एकही वाढू दिली नाही.

"तू जग गं पोरी," ती म्हणाली. "सांग मोहल्लेवाल्यांना, पढा म्हनावं नमाज."

नमाज झाली. सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, "चाची, धीर धर."

"कशाचा गं?" ती म्हणाली. "वाट बघत होती तवर सब्र होता. आता सब्र कराया बी काय ऱ्हायलं नाय."

काळ सगळे भरून काढतो म्हणतात. पण मेलेल्याची आठवण काढून आई रडू तरी शकते. ज्याला देह न बघताच आपल्या तोंडाने 'गेला' म्हटले, त्याची आठवण काढायलाही चाची आता भिते.