कुलूप तोडायची परवानगी

नळदुर्गजवळ हायवेला रणधीरनं पाळीव कुत्री सांभाळायचं केंद्र काढलंय. बोर्ड झकास, आत पत्र्याची शेड आणि चार पिंजरे. हैदराबादला भाच्याचं लग्न म्हणून आम्ही भुऱ्याला तिथं सोडला. माझ्या बायकोचा, दीपमालाचा, सगळा जीव त्या कुत्र्यात. आम्हाला मूलबाळ नाही.

लग्नाच्या मांडवात मी मोबाईलवर रणधीरच्या शेडमधला कॅमेरा उघडला. भर दुपार. पाण्याचं भांडं उपडं पडलेलं, भुऱ्या धापा टाकतोय, आसपास माणूस नाही. रणधीरचा फोन लागेना. केंद्रासमोरच्या पंक्चरवाल्या जैनोद्दीनला फोन केला.

"चैती पुनव हाय ना, साहेब. गेटला कुलूप घालून समदं घर येरमाळ्याच्या यात्रेला गेलंय. हातोडा आणलाय म्या. तोडू का? तुमी फकस्त हो म्हणा."

मी हो म्हणालो नाही. लोहाऱ्याच्या तहसीलमध्ये तीस वर्षं कारकुनी केली; पंचनाम्याशिवाय परक्याचं कुलूप तोडायचं नसतं, हे हाडामांसात भिनलेलं.

"थांबा. आधी दोन पंच बघा."

"पंच कुठून आणू? गावात हाय कोण आज?"

तरी तो बिचारा भर उन्हात पंच शोधत फिरला. एक धाब्यावरचा आचारी मिळाला. दुसरा मिळेना. तासाभरानं पुन्हा फोन.

"साहेब, भुंकणं बंद झालंय. तोडू?"

"एक पंच चालत नाही हो."

हे मी बोललो. आज स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

शेवटी दीपमालानं माझ्या हातातून फोन हिसकावला आणि मांडवात सगळ्यांदेखत ओरडली, "तोडा ओ भाऊ!"

कुलूप एका घावात तुटलं. भुऱ्या कोरड्या भांड्यात तोंड घालून पडला होता. मेलेला.

दुसऱ्या दिवशी रणधीर आम्हाला गेटवरच भेटला. गळ्यात यात्रेतली माळ, कपाळाला भंडारा. मी तावातावानं म्हणालो, "माणूस न ठेवता जनावरं सांभाळतोस? कोणत्या कायद्यात बसतं रे हे?"

तो जराही वरमला नाही. "कायद्यात देखरेख पायजे म्हणत्यात, काका. ती व्हती की. कॅमेऱ्यात तुमीच बघत व्हता, मरंपतुर."

मी दीपमालाकडं वळलो, तिनं तरी त्याला दोन शिव्या घालाव्यात म्हणून. ती माझ्याकडंच बघत होती.