नाव घातलेला टोप

सुंदराबाईचं सामान टेम्पोत चढत होतं आणि मालन आपल्या खोलीत लसूण सोलत बसली होती. भिंतीला भिंत लागून अर्धं आयुष्य गेलं. आज सुंदराबाई भांडुपची चाळ सोडून कायमची मुलाकडे दहिसरला चालली होती. जाऊन भेटावं असं मालनला फार वाटत होतं, पण पाय उचलेल तर शपथ!

कारण म्हणाल तर एक टोप. मालनच्या नवऱ्याची गिरणी बंद पडली, तेव्हा सुंदराबाईने त्यातून तांदूळ दिले होते. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत. घालायला घरात काही नव्हतं, म्हणून टोप राहिला. बरे दिवस आले तोवर लाजेने बोलणंच तुटलं होतं.

"सापडली एकदाची!" लेक क्षमा लॅपटॉपवरून मान वर करून म्हणाली. अंधेरीच्या कंपनीचं काम ती आज घरूनच करत होती.

"काय गं?"

"गळती. इस्पितळातलं मशीन सारखं बंद पडायचं ना, ती. फाइल उघडायला सिस्टीम थोडी मेमरी उसनी घेते, काम झालं की परत करते. पण फाइल खराब निघाली, काम फसलं, की घेतलेलं स्वतःकडेच ठेवून मागे फिरायची. असं होत होत मशीनकडे काही उरतच नाही. कुणी मुद्दाम खराब फाइली देत राहिला, तरी वाट लागेल."

"परत का नाही करायची?"

"काम फसलं तरी परत द्यायचं, हे लिहायचंच राहिलं होतं. सगळं नीट झालं तर काय, एवढंच सगळ्यांनी बघितलं."

मालनचा हात थांबला. तिने माळ्यावरून टोप काढला. काठावर सुंदराबाईचं नाव घातलेलं होतं. सवयीने हात तांदळाच्या डब्याकडे गेला, पण तिने तो मागे घेतला.

टोप घेऊन ती बाहेर धावली, तेव्हा सुंदराबाई टेम्पोत बसलीसुद्धा होती. मालनला रडू फुटलं. "रिकामोच घेवन इलंय गो."

"माका टोप कित्याक होयो? मी तुझी वाट बघी होतंय."

सुंदराबाईने नावावरून बोट फिरवलं आणि टोप पुन्हा मालनच्या हातात दिला.

"ह्यो ठेव. दहिसराक परत देवक ये. रिकामोच घेवन ये."